दिव्यांगांचे उच्च शिक्षण व वाजवी सोयी

दृष्टी, श्रवण, चलनवलन, वाचन-लेखन, मानसिक स्वास्थ्य यांपैकी एखाद्या बाबतीत दीर्घकालीन न्यूनता असलेल्या विद्यार्थ्याला महाविद्यालयातील वा विद्यापीठातील अध्ययनात इतरांच्या बरोबरीने भाग घेता यावा, म्हणून अध्यापन, अध्ययनसाहित्य, परीक्षा व परिसर यांत त्याच्या गरजेनुसार जे फेरफार करतात, त्यांना वाजवी सोयी म्हणतात. अभ्यासक्रमाचा ज्ञानविषयक मानदंड कायम ठेवून तो गाठण्याची रीत तेवढी बदलणे, हे या सोयींचे मुख्य लक्षण होय. अंध विद्यार्थ्याला इतिहासाची उत्तरपत्रिका लेखनिकाकडून लिहवून घेऊ दिली, तर ती सोय ठरते. त्याच उत्तरपत्रिकेत गुण वाढवून दिले, तर ती सवलत ठरते. व्यवहारात हे दोन शब्द एकमेकांऐवजी वापरले जातात व त्यामुळे सोय घेणारा विद्यार्थी काही जादा पदरात पाडून घेतो, असा समज पसरतो. वस्तुतः इतिहासाच्या परीक्षेला हस्ताक्षराचा वेग मोजावयाचा नसतो. तो कमी असल्यामुळे गुण गेले, तर तो मोजमापातील दोष होय आणि जादा वेळ हा त्या दोषावरील उपाय होय.

संज्ञा व कायदेशीर आधार : मराठीत पूर्वी ‘अपंग’ ही संज्ञा रूढ होती, अलीकडे शासकीय व्यवहारात ‘दिव्यांग’ ही संज्ञा वापरली जाते. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात सु. २ कोटी ६८ लक्ष व महाराष्ट्रात सु. २९.६ लक्ष दिव्यांग व्यक्ती होत्या. संयुक्त राष्ट्रांनी १३ डिसेंबर २००६ रोजी दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा करार संमत केला. भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी त्यास अनुसमर्थन दिले. या कराराला अनुसरून झालेला दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आला. त्याने १९९५ च्या अधिनियमाची जागा घेतली. मान्य दिव्यांगत्वांची संख्या २१ झाली, उच्च शिक्षणातील राखीव जागा किमान ३ टक्क्यांवरून किमान ५ टक्क्यांवर गेल्या आणि प्रवेशासाठी कमाल वयोमर्यादेत ५ वर्षांची सूट मिळाली. राखीव जागांसाठी किमान ४० टक्के, म्हणजे लक्षणीय दिव्यांगत्व असावे लागते. वाजवी सोयींच्या दृष्टीने या अधिनियमातील सर्वांत महत्त्वाची तरतूद मात्र वेगळी आहे : वाजवी सोय नाकारणे हा भेदभावाचाच एक प्रकार होय, असे त्यात स्पष्टपणे म्हटले आहे. त्यामुळे पूर्वी जी गोष्ट प्राचार्यांच्या सहृदयतेवर अवलंबून असे, ती विद्यार्थ्याचा हक्क बनली.

सुगम्यता आणि वाजवी सोय यांत फरक केला जातो. उतरण, उद्वाहक, रुंद दारे, ध्वनिसंकेत यांची रचना कोणी मागणी करण्यापूर्वीच सर्वांसाठी करावयाची असते. ही सुगम्यता होय. विशिष्ट विद्यार्थ्याच्या विशिष्ट अडचणीसाठी केलेली व्यवस्था ही वाजवी सोय होय. चाकाच्या खुर्चीसाठी उतरण बांधताना उंचीच्या किमान बारापट लांबी ठेवावी, हा सुगम्यतेचा सर्वसाधारण निकष आहे. पण जुन्या इमारतीत उतरण होईपर्यंत त्या वर्गाची तासिका तळमजल्यावर घेणे, ही वाजवी सोय आहे. पहिली जितकी पुरी, तितकी दुसरीची निकड कमी.

ऐतिहासिक आढावा : लूई ब्रेल याने १८२४ च्या सुमारास सिद्ध केलेल्या स्पर्शलिपीमुळे अंधांना स्वतः वाचण्याचे व लिहिण्याचे साधन मिळाले [→ ब्रेल लिपी]. वॉशिंग्टन येथे १८६४ मध्ये बधिरांसाठी पदवी देणारे महाविद्यालय स्थापन झाले. हेलन केलर ही अंध व बधिर विद्यार्थिनी १९०४ मध्ये रॅडक्लिफ महाविद्यालयातून पदवीधर झाली. तेथील व्याख्याने तिची शिक्षिका ॲन सलिव्हन तिच्या तळहातावर बोटांनी अक्षरे उमटवून तिला सांगत असे. तथापि हा एका व्यक्तीच्या निष्ठेचा विजय होता. संस्थेवर त्याची जबाबदारी नव्हती. संस्थात्मक जबाबदारीची कल्पना अमेरिकेतील १९७३ च्या पुनर्वसन अधिनियमाने व १९९० च्या दिव्यांगविषयक अधिनियमाने रुजविली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील दिव्यांग विद्यार्थ्यांनी १९७० मध्ये स्वतःच चालविलेली साहाय्ययोजना ही त्या वाटेवरील महत्त्वाची घटना होय. ब्रिटनमध्ये १९९५ च्या अधिनियमाने आणलेले वाजवी फेरबदलांचे कर्तव्य २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना लागू झाले.

महाराष्ट्रात या कार्याचा प्रारंभ शालेय पातळीवर झाला. मुंबईत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मूकबधिरांची शाळा निघाली व १९०० मध्ये अमेरिकन मिशनने अंधांसाठी शाळा काढली. राष्ट्रीय अंध संघाची स्थापना १९५२ मध्ये मुंबईतच झाली. वाचन-लेखनातील विशिष्ट अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना परीक्षेत सोयी देण्यास राज्य शासनाने १९९६ मध्ये मान्यता दिली. भारतात हे पाऊल लवकर उचललेल्या राज्यांत महाराष्ट्राची गणना होते. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३ मध्ये दृष्टिबाधितांसाठी स्वतंत्र साधनकेंद्र सुरू झाले. राज्य शासनाने डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग निर्माण केला.

सोयींचे प्रकार : (१) दृष्टिबाधित विद्यार्थ्यांना ब्रेल, मोठ्या अक्षरांतील किंवा श्राव्य पुस्तके, पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारी संगणकप्रणाली आणि परीक्षेत वाचक व लेखनिक यांची गरज असते. २०१२ च्या स्वामित्व हक्क दुरुस्तीमुळे दिव्यांगांसाठी पुस्तकांच्या सुगम्य प्रती करण्यास लेखकाच्या व प्रकाशकाच्या परवानगीची आवश्यकता उरली नाही. या संदर्भात मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याची अडचण वेगळी आहे. मराठीतील कितीतरी टिपणे व प्रश्नसंच युनिकोडपूर्व टंकांत टंकलिखित केलेले किंवा छापील पानाचे केवळ छायाचित्र घेतलेले असतात. डोळसाला ते नीट वाचता येतात. परंतु संगणकाला त्यांत अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हे किंवा कोरे चित्र दिसते. अध्यापकाने तेच टिपण युनिकोडमध्ये देणे, ही जवळजवळ बिनखर्चाची आणि सर्वांत उपयुक्त अशी सोय आहे.

(२) कर्णबधिर विद्यार्थ्यांसाठी सांकेतिक भाषेचा दुभाषी, लेखी टिपणे, दृक्‌श्राव्य साहित्याला मथळे आणि तोंडी परीक्षेऐवजी लेखी परीक्षा या सोयी करतात. ओठांच्या हालचालींवरून बोलणे समजून घेणाऱ्याच्या दृष्टीने, अध्यापकाने फळ्याकडे तोंड करून न बोलणे एवढेही पुष्कळ असते.

(३) चलनवलनाची न्यूनता असलेल्यांना तळमजल्यावरील वर्ग, योग्य उंचीचे मेज, प्रयोगशाळेत साहाय्यक व दोन तासिकांमध्ये पुरेसा अवधी लागतो.

(४) अध्ययन अक्षमता असलेल्यांना जादा वेळ, प्रश्न वाचून दाखविणे, गणनयंत्राचा वापर आणि भाषेतर विषयांत शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष या सोयी मिळतात. भाषाविषयातून सूट देणे ही मात्र खऱ्या अर्थाने सवलत होय, कारण तीत अभ्यासक्रमाचाच काही भाग गळतो.

(५) मनोविकार, तसेच सिकलसेल, थॅलॅसीमिया, हीमोफिलिया यांसारखे रक्तविकार असलेल्यांचे दिव्यांगत्व डोळ्यांना दिसत नाही. महाराष्ट्रात विदर्भातील व आदिवासी भागांतील विद्यार्थ्यांत सिकलसेलचे रुग्ण आढळतात. वेदनेच्या झटक्यामुळे बुडालेले दिवस उपस्थितीच्या हिशेबातून वगळणे किंवा चाचणी पुन्हा घेणे, ही त्यांच्यासाठी निकडीची सोय होय.

परीक्षा : वाजवी सोयींचा कस परीक्षेत लागतो. केंद्र शासनाच्या २९ ऑगस्ट २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार दर तासास किमान २० मिनिटे, म्हणजे तीन तासांच्या प्रश्नपत्रिकेस एक तास जादा देण्याचे ठरले. उमेदवाराने स्वतः आणलेला लेखनिक त्याच्यापेक्षा एका पायरीने कमी शिकलेला असावा, अशीही अट होती. गैरप्रकार टाळणे हा तिचा हेतू होता. परंतु पदवीच्या गणितातील वा रसायनशास्त्रातील चिन्हे ज्याने कधी पाहिलेली नाहीत, त्याला ती सांगून लिहवून घेण्यातच वेळ निघून जातो. म्हणून लेखनिक परीक्षेपूर्वी भेटून सराव करता यावा, असा आग्रह धरला जातो.

सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी, संघ लोकसेवा आयोगाच्या एका परीक्षार्थीच्या प्रकरणात, हाताला पेटके येणाऱ्या उमेदवाराला ४० टक्क्यांची अट न लावता लेखनिक दिला पाहिजे, असा निर्णय दिला. त्यानंतर १० ऑगस्ट २०२२ रोजी ४० टक्क्यांहून कमी दिव्यांगत्व असलेल्या, पण लिहिण्यास अडचण येणाऱ्या उमेदवारांसाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे निघाली. २०२१ च्या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत लेखनाची अक्षमता असलेल्या एका विद्यार्थिनीला हक्काचा जादा तास मिळाला नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालावरील तिच्या अपिलात सर्वोच्च न्यायालयाने २३ नोव्हेंबर २०२१ रोजी तिच्यावर अन्याय झाल्याचे मान्य करून त्याच्या निवारणाचा विचार करण्याचा आदेश परीक्षासंस्थेला दिला. फेरपरीक्षा मात्र मिळाली नाही. सोय वेळेवर न मिळाल्यास मागाहून मिळालेला न्याय ती भरून काढू शकत नाही, हे या प्रकरणावरून दिसते.

परिसर व प्रवास : महाविद्यालयाच्या आत केलेली सोय विद्यार्थी तेथवर पोचल्यावरच उपयोगी पडते. रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील माथेरान हे याचे बोलके उदाहरण होय. समुद्रसपाटीपासून सु. ८०० मी. उंचीवरील या गिरिस्थानावर मोटारवाहनांना मज्जाव आहे. २००३ मध्ये त्याचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित झाला. वाहने दस्तुरी नाक्यापाशी थांबतात. पुढे पायी, घोड्यावरून वा माणसाने ओढलेल्या रिक्षातून जावे लागे. १९०७ मध्ये सुरू झालेली नेरळ–माथेरान रेल्वे पावसाळ्यात घाटात बंद असते. पदवीच्या शिक्षणासाठी येथील विद्यार्थ्यांना डोंगर उतरून कर्जत, खालापूर तालुक्यातील खोपोली किंवा त्यापलीकडील गावे गाठावी लागतात. वाहनबंदीचा नियम सर्वांना सारखा व पर्यावरणाच्या दृष्टीने योग्य आहे; तथापि धडधाकट विद्यार्थ्याला जी पायपीट वाटते, तीच कुबड्या घेणाऱ्याला शिक्षण सोडण्याचे कारण ठरू शकते. उपाय नियम मोडण्यात नसून त्यात जागा करण्यात आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या अनुमतीने डिसेंबर २०२२ मध्ये येथे विजेवरील रिक्षांचा प्रयोग सुरू झाला आणि ६ ऑगस्ट २०२५ रोजी न्यायालयाने माणसाने ओढावयाच्या रिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. अशा दुर्गम गावच्या विद्यार्थ्याच्या बाबतीत महाविद्यालयाने पावसाळ्यातील उपस्थितीत शिथिलता, व्याख्यानांचे ध्वनिमुद्रण, तळमजल्यावरील वसतिगृहाची खोली व जवळचे परीक्षाकेंद्र यांचा विचार करणे, हे वाजवी सोयींतच मोडते.

कार्यपद्धती व मर्यादा : चांगल्या व्यवस्थेत सत्राच्या आरंभीच विद्यार्थ्याशी बोलून त्याची अडचण नेमकी कोठे आहे, हे ठरवितात, प्रमाणपत्र तपासून सोयींची लेखी योजना करतात व तिचे वेळोवेळी पुनरीक्षण करतात. अध्यापकांना कोणती सोय द्यावयाची एवढेच कळविले जाते. आजाराचा तपशील गोपनीय राहतो. निदान एक असूनही दोन विद्यार्थ्यांच्या गरजा भिन्न असू शकतात. त्यामुळे ठरीव यादीवरून सोयी वाटणे पुरेसे होत नाही.

संस्थेवर अवाजवी भार पडत असेल, तर सोय देण्याचे बंधन नसते, असे कायदा मानतो. त्याचप्रमाणे अभ्यासक्रमाचे मूलभूत कौशल्यही गाळता येत नाही. मात्र मूलभूत काय आणि केवळ रूढ काय, याची शहानिशा करावी लागते. महाराष्ट्रातील एका विद्यार्थ्याच्या वैद्यकीय प्रवेशाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १५ ऑक्टोबर २०२४ रोजी असे स्पष्ट केले, की दिव्यांगत्वाची टक्केवारी विशिष्ट मर्यादेबाहेर आहे एवढ्यावरूनच प्रवेश नाकारता येणार नाही. विद्यार्थी प्रत्यक्षात अभ्यासक्रम पुरा करू शकेल किंवा नाही, हे तज्ञ मंडळाने तपासले पाहिजे. ‘काय करता येत नाही’ यावरून ‘कोणत्या रीतीने करता येईल’ या प्रश्नाकडे झालेले हे स्थित्यंतर वाजवी सोयींच्या संपूर्ण कल्पनेचे सार होय.