चादर पायाला लागते तेव्हा

आज झोपेच्या रेशनिंगबद्दल, म्हणजे अंथरुणातला वेळ मोजूनमापून देण्याबद्दल, लिहायचं ठरलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर टाकतो. इस्लामपूरहून एका वाचक ताईंचं पत्र आलंय आणि त्यांचा प्रश्न माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे. पायांची आग होणाऱ्या माणसाचं रात्रीचं निम्मं भांडण पांघरुणाशी असतं, हे माझं जुनं मत.

ताईंचा मधुमेह बऱ्याच वर्षांचा. दुपारी आरामखुर्चीत पाय मोकळे सोडून बसलं की डुलकी लागते. रात्री मात्र मऊ सुती चादरसुद्धा बोटांवरून सरकली की खाजकुयली फिरवल्यासारखं होतं. चादर काढावी तर डास फोडून खातात. घरचे म्हणतात, चादरीने कधी कोणाचं दुखतं का? आता ताईंनाही वाटायला लागलंय की हे मनाचेच खेळ असतील.

नाहीत. मधुमेहाने नसा बिघडल्यात का, हे चाचपण्यासाठी मिशिगन विद्यापीठात तयार झालेली एक प्रश्नावली जगभर वापरतात. तिच्यात रुग्णाला विचारायचे 15 प्रश्न आहेत आणि त्यातला एक अगदी हाच आहे: पांघरूण कातडीला लागल्यावर दुखतं का? घरच्यांना एवढं सांगून पाहा.

आता हे होतं कसं? स्पर्शाची खबर जाड, वेगवान तंतू नेतात. आगीची आणि वेदनेची बारीक, संथ तंतू. बारीक तंतू महिनोन्महिने विनाकारण बोंब मारत राहिले की मज्जारज्जूतल्या पेशी हळव्या होतात. मग जाड तंतूंनी आणलेली साध्या स्पर्शाची खबरही त्या वेदना म्हणून मेंदूकडे पाठवू लागतात. डॉक्टर याला अ‍ॅलोडायनिया म्हणतात. त्यातही पुष्कळांना घासणारा, हलका स्पर्श सोसत नाही, पण ठाम दाब चालतो. म्हणूनच सैल चादरीने कळवळणारा माणूस अंगासरशी बसणारे सुती मोजे घालून निवांत झोपलेला मी पाहिलाय. मोज्याचं इलॅस्टिक मात्र काचणारं नको, आणि शिवण बोटांवर येत असेल तर मोजे उलटे घालावेत.

पण दिवसा सोसतं ते रात्रीच का सोसत नाही? एक कारण सगळ्यांना ठाऊक आहे: दिवसभर मन दुसरीकडे गुंतलेलं असतं. मला त्याहून दुसरं कारण जास्त रंजक वाटतं. झोप यायच्या आधी शरीर आतली उष्णता बाहेर टाकू लागतं आणि ती टाकायची जागा म्हणजे हातपाय. तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, तळवे गरम होतात, आतलं तापमान उतरतं आणि डोळा लागतो. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या संशोधकांनी 1999 साली ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं की हातापायांची कातडी धडाच्या मानाने किती ऊबदार झाली आहे, त्यावरून माणूस किती लवकर झोपेल याचा उत्तम अंदाज येतो. म्हणजे निसर्गाला झोपेसाठी ऊबदार पाय हवेत आणि आपल्याला नेमकी तीच ऊब नको! मिरचीची झोंब आणि सुमारे 43 अंशांवरची उष्णता कातडीतला एकच ग्राही ओळखतो. त्याच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना 2021 चं नोबेल मिळालं. चिडलेल्या तंतूंमध्ये हा ग्राही बऱ्याच कमी तापमानालाही उघडतो. त्यात पायांवर जाड गोधडी असली तर बोलायलाच नको.

इथे मला सायलस वेअर मिचेल यांचे सैनिक आठवतात. अमेरिकेतल्या यादवी युद्धात फिलाडेल्फियाच्या टर्नर्स लेन रुग्णालयात मिचेल आणि त्यांचे सहकारी गोळीने नसा जखमी झालेल्या शिपायांवर उपचार करत होते. हे शिपाई हातावर सतत ओलं फडकं ठेवत. काही जण तर बुटात पाणी ओतून चालत. कोरडा स्पर्शच त्यांना सोसत नसे. कागद नुसता सळसळला तरी वेदना उसळे, अशीही नोंद आहे. युद्धातल्या धट्ट्याकट्ट्या शिपायांना कोणी नाजूक म्हणणार नाही, म्हणून मनाचे खेळ म्हणणाऱ्या कोणालाही मी हा किस्सा हटकून ऐकवतो.

ताईंनी करायचं काय? पांघरूण पायांपासून उचलून धरायचं. रुग्णसाहित्याच्या दुकानात यासाठी ‘बेड क्रेडल’ नावाची लोखंडी चौकट मिळते, पण आधी फुकटात करून पाहा. पुठ्ठ्याचं मोठं खोकं घ्या, त्याची एक बाजू कापा, ते पायथ्याशी आडवं ठेवा आणि पाय आत सरकवा. चादर खोक्यावरून जाते, बोटांना लागत नाही. हवा खेळायला बाजूंना दोन खिडक्या कापा. डासांसाठी मच्छरदाणी लावा, पण ती गादीखाली खोचताना पायथ्याशी भरपूर मोकळी ठेवा, नाहीतर रात्री जाळीच पायाला घासेल.

झोपायच्या आधी थोडा वेळ नळाच्या पाण्यात पिळलेलं फडकं तळपायांवर ठेवून पंख्याखाली बसलात तरी बरं वाटेल. मग बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसा. बर्फ मात्र नको आणि बर्फाच्या पाण्याची बादलीही नको. ज्या पायाला चादर टोचते त्याच पायाला गारठा किंवा चटका कळेलच असं नाही. मधुमेहात या दोन्ही गोष्टी एकाच पायात सुखाने नांदतात. गरम पाण्याच्या पिशवीने भाजून झालेल्या जखमा महिनोन्महिने भरत नाहीत.

पत्राच्या शेवटी ताईंनी काशाच्या वाटीचं विचारलंय. तूप लावून काशाच्या वाटीने तळवे घासायचे, हा आपल्याकडचा जुना उपाय. तळवा काळा होतो ती ‘बाहेर पडलेली उष्णता’ नव्हे. धातू आणि तूप एकमेकांवर घासल्याचा तो रंग. तरीही मी या उपायाला हसत नाही. मेल्झॅक आणि वॉल यांनी 1965 साली मांडलं की जाड तंतूंकडून आलेली खबर मज्जारज्जूत वेदनेची वाट अडवू शकते. लागलेलं कोपर आपण चोळतो ते त्याचमुळे. वाटीचा ठाम दाब सोसत असेल तर जरूर घ्या, आराम तासाभराचा असला तरी झोप लागायला तेवढा पुरतो. हलक्या स्पर्शाने कळवळत असाल, किंवा भेग, फोड, जखम असेल, तर वाटी फडताळातच राहू द्या. बेचक्यांत तूप राहू देऊ नका, तिथे बुरशी धरते.

एक गोष्ट डॉक्टरांकडे काढायलाच हवी. ताई मेटफॉर्मिन घेतात आणि शाकाहारी आहेत. दोन्हींमुळे ब-12 जीवनसत्त्व कमी पडू शकतं आणि त्याच्या कमतरतेनेही पायांची आग होते. साधी रक्ततपासणी आहे, करून घ्या. आणि आगीपेक्षा पाय हलवल्याशिवाय राहवत नसेल, उठून चाललं की लगेच बरं वाटत असेल, तर तो प्रकार वेगळा. त्यात शरीरातलं लोह तपासतात. मागे आपण ज्या अ‍ॅमिट्रिप्टिलीन या नसांच्या दुखण्यावरच्या औषधाबद्दल बोललो, त्याने ही चुळबुळ वाढू शकते, म्हणून हा फरक डॉक्टरांना नीट सांगा. त्यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन.

रेशनिंग पुढच्या आठवड्यात नक्की. त्यासाठी रोजच्या झोपेची नोंद ठेवायची वही लागणार आहे, ती बंद पाडू नका. आजपासून तिच्यात एक रकाना वाढवा: रात्री पायांवर काय होतं, चादर, गोधडी, मोजे, खोकं की काहीच नाही. आणि खोक्याहून सोपी युक्ती कोणी शोधली असेल तर मला कळवा, ताईंनाही पाठवीन.