स्थैर्याचा मोह आणि भंडाऱ्याची पोटनिवडणूक

१९५४ साली भंडारा मतदारसंघातील लोकसभेच्या पोटनिवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर राखीव जागेवर पराभूत झाले आणि काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले. आजचा गोंदिया जिल्हा तेव्हा भंडारा जिल्ह्यात, आणि भंडारा मध्य प्रदेशात होता. ज्यांच्या अध्यक्षतेखाली घटनेचा मसुदा सिद्ध झाला त्यांनाच त्या घटनेने मताधिकार दिलेल्या मतदारांनी नाकारावे, हा निकाल शहाणपणाचा होता असे प्रस्तुत लेखक म्हणणार नाही. परंतु तो देण्याचा मतदारांचा अधिकार वादातीत होता.

याच अधिकाराचा विचार बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना केला होता. अमेरिकेचा अध्यक्ष चार वर्षांसाठी निवडला जातो. काँग्रेसमध्ये बहुमत नसले म्हणून त्याला पायउतार व्हावे लागत नाही. या पद्धतीत स्थैर्य अधिक, जबाबदारी कमी. संसदीय पद्धतीत प्रश्न, ठराव, अविश्वासाचा प्रस्ताव यांनी सरकारची झडती नित्य घेतली जाते आणि ठराविक काळाने मतदारही ती घेतात. दोन्ही गुण सारख्याच प्रमाणात एका व्यवस्थेत लाभत नाहीत, तेव्हा मसुद्याने जबाबदारीला अग्रक्रम दिला, असे त्यांचे प्रतिपादन होते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ या काळात अध्ययन केलेल्या माणसाने ही निवड अज्ञानापोटी केली, असे म्हणता येणार नाही.

तरीही स्थैर्याचा मोह आपल्याला अधूनमधून होतोच. १९८० च्या दशकात विदर्भाचेच वसंत साठे यांनी अध्यक्षीय पद्धतीचा हिरिरीने पुरस्कार केला. डिसेंबर २०२४ मध्ये लोकसभेत मांडलेल्या एकत्रित निवडणुकांच्या विधेयकात, मुदतीपूर्वी विसर्जित झालेल्या सभागृहाच्या जागी येणारे सभागृह उरलेल्या काळापुरतेच राहील, अशी तरतूद आहे. वारंवारच्या निवडणुकांचा खर्च आणि खोळंबा खोटा नव्हे. पण निश्चित मुदतीची कल्पना ज्या घरातून आपण उसनी आणू पाहतो, त्या घराची बाकीची रचनाही पाहिली पाहिजे. तेथे मंत्री काँग्रेसचे सदस्य असू शकत नाहीत. अध्यक्षाला पैसा काँग्रेसकडून मिळवावा लागतो, मोठ्या नेमणुकांना सिनेटची संमती लागते, आणि अध्यक्षाच्याच पक्षाच्या सदस्याने त्याच्याविरुद्ध मत दिले तरी त्याची जागा जात नाही. आपल्याकडे १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यापासून पक्षादेश मोडणाऱ्या सदस्यावर अपात्रतेची टांगती तलवार असते. म्हणजे अमेरिकन सदस्याचे स्वातंत्र्य नाही, आणि १९४८ साली अभिप्रेत असलेली नित्याची झडतीही दुबळी झालेली. अशा सभागृहावर निश्चित मुदतीचे कुलूप घातल्याने कोणाचे स्थैर्य साधेल?

मतभेद झालेल्या सदस्यापुढे मग राजीनाम्याचाच मार्ग उरतो. भंडारा-गोंदियाचे खासदार नाना पटोले यांनी शेतकऱ्यांच्या प्रश्नांवर स्वपक्षाच्या सरकारवर टीका करून डिसेंबर २०१७ मध्ये तो पत्करला. लोकसभेची मुदत जेमतेम वर्षभर उरली असताना २८ मे २०१८ रोजी पोटनिवडणूक झाली. मतदानयंत्रे बिघडली, म्हणून ३० मे रोजी ४९ केंद्रांवर पुन्हा मतदान घ्यावे लागले. आपला प्रतिनिधी निवडण्यासाठी त्या केंद्रांवरील मतदार ऐन उन्हाळ्यात दुसऱ्यांदा रांगेत उभे राहिले.