बंद केलेली नळी पुन्हा जोडता येते का?

कुटुंबनियोजनाचे ऑपरेशन झाले आणि दुर्दैवाने मूल दगावले, तर पुढे काय? बंद केलेली गर्भनळी ऑपरेशनने पुन्हा जोडता येते, पुरुषाची वीर्यनलिकासुद्धा. पण दिवस राहतीलच, अशी खात्री देता येत नाही. नळीला नुसती रिंग किंवा क्लिप लावली असेल तर आशा जास्त. मोठा तुकडा कापला असेल तर काम अवघड. बाईचे वयही बघावे लागते.

बाईच्या ऑपरेशनआधी नवऱ्याचे वीर्य तपासून घ्या. तपासणी काय ती बायकोचीच, ही खोड आता पुरे!

नळी जोडल्यावर पाळी चुकली तर लगेच डॉक्टरांकडे जा. गर्भ नळीतच अडकला तर जिवावर बेतते.

नळी जोडण्यासारखी नसेल तर टेस्ट ट्यूबचा मार्ग आहे. दादरच्या शिवाजी पार्कापासून जवळच, परळच्या के.ई.एम. रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी असे बाळ जन्मले.