भेटकार्ड आणि धर्मादाय

आमच्या शिरूर गांवाच्या नांवापुढें ‘कासार’ हा शब्द लागलेला आहे. त्यामुळें आहेर म्हटला कीं मला प्रथम भांडेंच आठवतें. आमच्या पिढींत दुकानदार भांड्यावर देणाराचें नांव टोंचून देई, आणि नव्या संसारांत एकसारखे सात तांबे जमत. त्यांतील सहा माळ्यावर जात. आज शहरांतून, आणि हळूहळू तालुक्याच्या गांवांतूनही, त्या तांब्याची जागा भेटकार्ड घेत आहे. हजार रुपये दुकानांत आधीं भरावयाचे, कार्ड घ्यावयाचें, आणि ज्याला तें मिळेल त्यानें सवडीनें आपल्या पसंतीची वस्तु न्यावयाची, एवढाच हा व्यवहार. एका दुकानाचें कार्ड त्याच दुकानांत चालतें. बँका जीं भेटकार्डें काढतात तीं अनेक ठिकाणीं चालतात. त्यांना रिझर्व्ह बँकेनें दहा हजार रुपयांची मर्यादा घातली आहे, आणि त्यांचे रोख पैसे करून मिळत नाहींत.

या श्रावणांत माझा एक जुना विद्यार्थी घरीं आला. तो आतां कापडाचें दुकान चालवितो. म्हणाला, “गुरुजी, दिवाळीला भेटकार्डें काढणार आहे. शेंकडा पांच रुपये ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या वह्यापुस्तकांना द्यावे म्हणतों. पुण्यही घडेल, खपही वाढेल. बरोबर ना?”

हेतु उत्तम होता. दिवाळीच्या सुमारास आमच्या बीड जिल्ह्यांतून जोडप्यांमागून जोडपीं ऊस तोडण्यास पश्चिम महाराष्ट्रांत आणि कर्नाटकांत जातात. मुलें बरोबर गेलीं कीं त्यांची शाळा बुडते. मागें राहिलीं तर आजीजवळ नाहींतर हंगामी वसतिगृहांत राहतात. माझ्या वर्गांतील अर्धे बांक त्या महिन्यांत रिकामे पडत, तें मी विसरलेलों नाहीं. परंतु मी त्याला म्हटलें, “बाबा, आधीं पाटी घे.”

समजा, हजार रुपयांच्या मालावर त्याला दीडशें रुपये सुटतात. एरवीं वीस कार्डें खपलीं असतीं तर तीन हजार मिळाले असते. आतां प्रत्येक कार्डामागें पन्नास रुपये दान दिले कीं उरतात शंभर. म्हणजे तेच तीन हजार मिळण्यास तीस कार्डें खपावयास हवींत. खप दीडपट झाला पाहिजे! तेंच दान शेंकडा दोन ठेवलें तर कार्डामागें एकशें तीस उरतात, आणि चोवीस कार्डांत काम भागतें. कार्ड घेऊन आलेलें गिऱ्हाईक पुष्कळदां पदरचे आणखी पैसे घालून मोठी खरेदी करतें, हा लाभ वेगळा. पण त्यावर आधींच भिस्त ठेवूं नये.

दानानें खप वाढतो हें खोटें नव्हे. 1983 मध्यें अमेरिकन एक्स्प्रेस या कंपनीनें न्यूयॉर्क येथील स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या दुरुस्तीसाठीं अशीच योजना काढली. तिचें कार्ड उधारीचें होतें, भेटीचें नव्हे. परंतु तत्त्व तेंच. प्रत्येक वापरामागें एक सेंट आणि नव्या कार्डामागें एक डॉलर. सुमारें सतरा लाख डॉलर जमले, आणि कार्डांचा वापर आदल्या वर्षापेक्षां शेंकडा अठ्ठावीस वाढला, असें सांगतात. मात्र जमलेल्या देणगीहून अधिक पैसा त्या देणगीच्या जाहिरातीवर खर्च झाला! आपल्याकडेही स्वातंत्र्यानंतरच्या आरंभींच्या वर्षांत गांधीजयंतीच्या सुमारास खादीहुंड्या विकल्या जात. हुंडी घ्यावी आणि भांडारांतून तेवढ्या किंमतीची खादी न्यावी. तीं एका अर्थीं भेटकार्डेंच होतीं. पण तेथें माल हेंच कार्य होतें, त्यामुळें हिशोबाचा प्रश्न साधा होता.

आमच्या आडतीच्या पेठांत तर विक्रीच्या पट्टींत हमाली-तोलाईबरोबर ‘धर्मादाय’ म्हणून कांहीं पैसे कापण्याची जुनी चाल होती. ते पैसे कोणाचे, व्यापाऱ्याचे कीं धर्माचे? 1950 च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याच्या 54 व्या कलमानें याचें स्वच्छ उत्तर दिलें आहे. असे घेतलेले पैसे व्यापाऱ्याकडे विश्वस्त म्हणून राहतात, आणि वर्ष संपल्यावर तीन महिन्यांच्या आंत त्यानें धर्मादाय अधिकाऱ्याकडे हिशोब द्यावयाचा असतो. म्हणून माझ्या विद्यार्थ्यास मीं बजावलें कीं दान आपल्या नफ्यांतून दे. बिलावर वेगळे दोन रुपये चढवून घेतलेस तर ते तुझे दान नव्हे; तो गिऱ्हाइकाचा धर्मादाय, आणि तूं त्याचा फक्त सांभाळणारा.

मी इतका कां कुरकुरतों, तेंही सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं एका मोठ्या शहरांत मीं नातीसाठीं असेंच कार्ड घेतलें. ‘या खरेदींतून अनाथ बालकांस साहाय्य’ असा फलक होता. किती साहाय्य आणि कोणत्या संस्थेस, असें विचारतां गल्ल्यावरील तरुण हंसला व म्हणाला, “आजोबा, तें वरचे लोक बघतात.” नातीला फ्रॉक मिळाला, बालकांना काय मिळालें तें मला आजतागायत कळलेलें नाहीं. तेव्हांपासून ‘नफ्याचा कांहीं भाग’ हे शब्द वाचले कीं माझा हात खिशांतच राहतो. कार्डावर रक्कम छापावी, शाळेचें वा वसतिगृहाचें नांव छापावें, आणि पावती दुकानांत टांगावी.

आणखी एक गोष्ट व्यापारी सहसा बोलत नाहींत. कांहीं कार्डें कपाटांतच राहतात. मुदत संपते, माल जात नाहीं आणि पैसे मात्र दुकानांत राहतात. माझ्या मतें ही रक्कम नफ्यांत धरूं नये. ती पहिल्यानें मुलांकडे जावी. यांत दुकानदाराचें स्वतःचें कांहींच जात नाहीं.

शेंकडा दोनाची गोष्ट माझ्या विद्यार्थ्यानें तेव्हांच मान्य केली, आणि पावती टांगण्याचीही. न वापरलेल्या कार्डांविषयीं मात्र तो म्हणाला, “गुरुजी, घरीं वडिलांना विचारून सांगतों.” दिवाळीला अजून अवकाश आहे, मी वाट पाहत आहें.