इतिहासाची शिकवणी लावताना

दहावीच्या वर्षाची जमवाजमव बऱ्याच घरांत नववीची परीक्षा संपण्याआधीच सुरू होते. गणित-विज्ञानाचा क्लास ठरतो, इंग्रजीची बॅच ठरते, फीचा पहिला हप्ता जातो. इतिहास आणि राज्यशास्त्र आठवतं ते सहामाहीचा निकाल हातात पडल्यावर. मग 'पाठच तर करायचंय' असं म्हणत कुणीतरी गाठलं जातं. पुष्कळदा गणिताचेच सर 'तेही करून घेतो' म्हणतात आणि पालक सुटकेचा नि:श्वास टाकतात. जानेवारीत नोट्सचा गठ्ठा येतो, मुलं तो घोकतात आणि परीक्षेनंतर विसरून जातात.

हा विषय इतक्या घाईत उरकण्यासारखा नाही. राज्य मंडळाच्या दहावीला इतिहास व राज्यशास्त्राची ४० गुणांची स्वतंत्र प्रश्नपत्रिका असते. भूगोलाचे ४० आणि अंतर्गत मूल्यमापनाचे २० धरून सामाजिक शास्त्रांचे १०० होतात. एकूण टक्केवारीत हे १०० गणिताच्या १०० इतकेच मोजले जातात. पण गुणांपेक्षा मोठी अडचण वेगळी आहे. पालक ज्याला इतिहास समजतात तो या पुस्तकात नाहीच.

२०१८ साली आलेलं दहावीचं पुस्तक उघडून पाहा. शिवाजी महाराज, १८५७, गांधीजी या क्रमाने जाणारी गोष्ट तिथे सापडणार नाही. पहिला धडा इतिहासलेखनाच्या पाश्चात्त्य परंपरेवर आहे. त्यात व्हॉल्टेअर, हेगेल, रांके, मार्क्स, फुको भेटतात. दुसऱ्या धड्यात भारतीय परंपरा येते: कल्हणाची राजतरंगिणी, बखरी, राजवाडे, ताराबाई शिंदे, वंचितांचा इतिहास मांडणारे रणजित गुहा. पुढे उपयोजित इतिहास, कला, प्रसारमाध्यमं, मनोरंजन, खेळ, पर्यटन आणि शेवटी ऐतिहासिक ठेव्याचं जतन. म्हणजे पुस्तक विचारतं ते असं, की इतिहास लिहितात कसा, आणि त्याचा रोजच्या जगण्यात उपयोग काय. पंधरा वर्षांच्या मुलासाठी हे कठीण आहे आणि फार सुंदरही आहे. सनावळ्या पाठ करून घेण्यात हातखंडा असलेल्या शिक्षकाचा इथे काही इलाज चालत नाही.

म्हणून शिकवणीच्या चौकशीला गेलात की पहिला प्रश्न साधा ठेवा: "सर, यंदा दहावीच्या इतिहासात काय काय आहे?" उत्तर 'मराठ्यांचा इतिहास, स्वातंत्र्यलढा' असं आलं, तर त्या गृहस्थांनी पुस्तक उघडलेलं नाही. चहा घ्या आणि दुसरीकडे चौकशी करा.

मंडळ कोणतं, हे तर आधीच स्पष्ट हवं. सीबीएसईच्या दहावीत युरोपातल्या राष्ट्रवादाचा उदय, मुद्रणसंस्कृती हे धडे आहेत आणि राज्यशास्त्रात सत्तावाटप समजावताना बेल्जियम आणि श्रीलंका येतात. आयसीएसईत 'हिस्ट्री अँड सिव्हिक्स' हा ८० गुणांचा वेगळा पेपर असतो आणि त्यात संसद, राष्ट्रपती, न्यायव्यवस्था तपशिलात विचारतात. एकाच बॅचमध्ये तिन्ही मंडळांची मुलं बसवून 'सगळं सारखंच असतं' म्हणणाऱ्यांपासून लांब राहिलेलं बरं.

आता माझं मत सांगतो. या विषयाला रोज येऊन शिकवणारा माणूस बहुतेक मुलांना लागत नाही. पुस्तक मराठीत आहे, बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं आणि भाषा अवघड नाही. लागतो तो मुलाने लिहिलेलं उत्तर बारकाईने वाचणारा माणूस. आठवड्यातून एकदा दीड-दोन तास. गणितात चूक झाली की उत्तराच्या पानाशी ताडून मुलाला स्वत:ला कळतं. 'सकारण स्पष्ट करा' या प्रश्नात आपण कुठे चुकलो, हे मुलाला कळायला दुसऱ्याचीच नजर लागते. शिकवणीचे पैसे त्या नजरेसाठी द्यायचे.

हे जवळून पाहू. समजा, विधान दिलंय की वृत्तपत्रातली माहिती इतिहासासाठी वापरताना तपासून घ्यावी लागते. मुलगी लिहिते: भारतातलं पहिलं वृत्तपत्र १७८० साली जेम्स ऑगस्टस हिकीने सुरू केलं, बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' काढलं, वृत्तपत्रांनी समाजजागृती केली, लोकशाहीत त्यांना महत्त्व आहे. चारही वाक्यं खरी आहेत. अक्षरही छान. एक शिक्षक चार टिकमार्क करतो, 'गुड' लिहितो आणि पुढच्या वहीकडे वळतो.

दुसरा शिक्षक लाल पेन बाजूला ठेवतो. म्हणतो, "यात कारण कुठलंय ते मला दाखव." मुलगी शोधते. कारण नाहीच. मग तो त्या दिवशीची दोन वर्तमानपत्रं पुढ्यात टाकतो. एकाच मोर्च्याची बातमी, एकात गर्दी 'हजारोंची', दुसऱ्यात 'शेकडोंची'. पन्नास वर्षांनी कुणी या मोर्च्याचा इतिहास लिहायला बसलं, तर कोणता आकडा घेईल? आणखी काय पाहील? पोलिसांची नोंद, फोटो, तिथे हजर असलेल्यांच्या आठवणी. आता मुलगी पुन्हा लिहिते आणि यावेळी हिकीचं नावसुद्धा येत नाही. बातमीदाराचा, मालकाचा, सरकारी दबावाचा परिणाम बातमीवर होऊ शकतो, म्हणून दुसऱ्या साधनाशी पडताळा घ्यायचा, एवढं ती स्वत:च्या शब्दांत मांडते. वीस मिनिटं लागतात. पहिल्या धड्यातला रांके मूळ कागदपत्रांवर इतका भर का देत होता, तेही तिला याच वीस मिनिटांत कळलेलं असतं. असा माणूस मिळाला तर फी थोडी जास्त असली तरी सोडू नका.

राज्यशास्त्राची कसोटी निराळी. इथे पुस्तक मागे पडतं आणि वर्तमानपत्र पुढे जातं. महाराष्ट्रातल्या मुलांना हे फार जवळून कळतं. पुस्तकात शिवसेना एक, राष्ट्रवादी काँग्रेस एक. घरातल्या टीव्हीवर दोन-दोन. फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडणूक आयोगाने शिवसेनेचं नाव आणि धनुष्यबाण एकनाथ शिंदे यांच्या गटाला दिलं, फेब्रुवारी २०२४ मध्ये राष्ट्रवादीचं नाव आणि घड्याळ अजित पवार यांच्या गटाला. मधल्या काळात, एप्रिल २०२३ मध्ये, राष्ट्रवादी, तृणमूल आणि भारतीय कम्युनिस्ट पक्षाचा राष्ट्रीय दर्जा गेला आणि आम आदमी पक्षाला तो मिळाला. मुलगा विचारणारच, "मॅडम, मग खरं काय?" शिक्षिकेने इथे १९६८ च्या निवडणूक चिन्ह आदेशाबद्दल बोलायला हवं. राष्ट्रीय पक्षाची मान्यता कोणत्या निकषांवर मिळते आणि जाते, फुटीच्या वेळी आयोग काय तपासतो, हे सांगायला हवं. कोण गद्दार आणि कोण निष्ठावंत, हे सांगणं तिचं काम नाही. स्वत:चं मत असायला हरकत नाही. ते मत आहे एवढं मुलाला कळलं पाहिजे.

शिक्षकाचं वाचन ताजं आहे का, हे ओळखायला एक प्रश्न पुरेसा आहे: मुख्य निवडणूक आयुक्तांची निवड कशी होते? 'राष्ट्रपती नेमणूक करतात' हे उत्तर बरोबर आहे आणि अपुरं आहे. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पंतप्रधान, लोकसभेतील विरोधी पक्षनेते आणि सरन्यायाधीश यांच्या समितीने शिफारस करावी असं सांगितलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संसदेने कायदा करून सरन्यायाधीशांच्या जागी एक केंद्रीय मंत्री आणला. चांगला शिक्षक हे सांगतो आणि वर हेही सांगतो, की परीक्षेत पुस्तकातलं उत्तर लिही, पण हे माहीत असू दे. दोन्ही वाक्यं म्हणणारा माणूस हवा.

अशी माणसं जाहिरातींत क्वचितच सापडतात. निवृत्त शिक्षक-शिक्षिका ही पहिली जागा. त्यांनी वर्षानुवर्षं बोर्डाचे पेपर तपासलेले असतात आणि परीक्षक कुठे गुण कापतो ते त्यांना पाठ असतं. दुसरी जागा म्हणजे विद्यापीठांचे आणि महाविद्यालयांचे इतिहास, राज्यशास्त्र विभाग. तिथली एम.ए., पीएच.डी. करणारी मुलं-मुली शिकवण्या घेतात, वयाने जवळ असतात, विषयात बुडालेली असतात. नोकरीत असलेल्या शाळेच्या शिक्षकांना विचारण्याआधी मात्र २००९ चा शिक्षण हक्क कायदा लक्षात ठेवा. त्याच्या २८ व्या कलमाने शिक्षकांना खासगी शिकवणीची मनाई केली आहे. वर्गशिक्षकाकडेच शिकवणी लावली की अंतर्गत गुण बरे मिळतात, हा समज मुलांवर आणि शिक्षकांवरही अन्याय करणारा आहे.

बारावी कला शाखेचं चित्र आणखी दुर्लक्षित आहे. इतिहास आणि राज्यशास्त्र तिथे वेगवेगळे विषय, प्रत्येकी ८० गुणांची लेखी परीक्षा. इतिहासात युरोपातल्या प्रबोधनापासून वसाहतवाद, शीतयुद्ध असा पट आहे, राज्यशास्त्र १९९१ नंतरच्या जगापासून सुरू होतं. शास्त्र शाखेच्या क्लासच्या पाट्यांनी गल्ल्या भरलेल्या असतात, कला शाखेच्या मुलाला तालुक्याच्या गावी विचारायला माणूस मिळत नाही. अशा मुलांसाठी ऑनलाइन शिकवणी खरोखर उपयोगी आहे, अट एकच: वही तपासली गेली पाहिजे. उत्तराचा फोटो पाठवायचा आणि त्यावर शेरे परत यायचे. नुसते व्हिडिओ बघण्याला शिकवणी म्हणू नये.

परदेशातली मराठी कुटुंबंही आता इकडचे शिक्षक ऑनलाइन शोधतात. अमेरिकेत शिकणाऱ्या मुलाला 'एपी गव्हर्न्मेंट' हा तिथल्या शासनव्यवस्थेचा विषय असेल तर शिक्षकाने 'फेडरलिस्ट' क्रमांक १० आणि १८०३ चा मार्बरी विरुद्ध मॅडिसन खटला वाचलेला असायला हवा. भारतीय राज्यघटना उत्तम शिकवणारा माणूस तेवढ्याने तिथे चालत नाही.

स्पर्धा परीक्षांचं जग वेगळं आणि महागडं. पुण्यात सदाशिव पेठ, नवी पेठ, शास्त्री रस्ता या भागात खोली घेऊन राहणाऱ्या मुलांना वेगळं काही सांगायला नको. राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली, त्यामुळे बहुपर्यायी प्रश्नांच्या सवयीवर तयार झालेल्या क्लासची मुलंही आता लिहून दाखवायला माणूस शोधत आहेत. गोष्ट पुन्हा तिथेच येते: व्याख्यानं भरपूर, तपासणारे थोडे. लाखभर रुपये मोजण्याआधी बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्थांच्या मोफत प्रशिक्षण योजना आणि मुंबई, नागपूर, कोल्हापूर, नाशिक, अमरावती इथली सरकारी प्रशिक्षण केंद्रं तपासावीत. केंद्राच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार क्लासने यशाची हमी देऊ नये, शिकवणारा किमान पदवीधर असावा आणि विद्यार्थी मधेच सोडून गेला तर उरलेल्या काळाची फी १० दिवसांत परत द्यावी. या सूचना पन्नासहून जास्त विद्यार्थी असलेल्या क्लासना उद्देशून आहेत, पण घरगुती शिकवणीतही परतीचा मुद्दा पहिल्या दिवशीच बोलून घ्यावा. पावती मागण्यात संकोच नको.

शिक्षक घरी येणार असतील तर ओळखपत्र पाहा, आधीच्या एक-दोन पालकांशी फोनवर बोला आणि शिकवणी दिवाणखान्यात, घरात मोठं माणूस असताना होऊ द्या. चांगल्या शिक्षकाला यात अपमान वाटत नाही.

राज्याचा नवा अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने येतो आहे, तेव्हा आपल्या मुलाच्या हातातल्या पुस्तकाची आवृत्ती कोणती, तेही एकदा पाहून घ्या. शोध जूनमध्येच सुरू करा, सहामाहीची वाट पाहू नका. आणि पहिल्या भेटीला जाताना मुलाने स्वत: लिहिलेलं, जसं असेल तसं, एक पानाचं उत्तर बरोबर न्या. शिक्षकांना म्हणा, "हे एवढं तपासून द्याल का?" ते परत देताना ते मुलाशी काय बोलतात, ते ऐका आणि त्यावरून ठरवा.