मिक्सर न्यायचा की तिथेच घ्यायचा? परदेशी निघालेल्यांनी बॅग भरण्याआधी वाचावे असे काही

जुलै संपत आला की आमच्या अभ्यासिकेत येणाऱ्या फोनचा विषय बदलतो. मे-जूनमध्ये प्रश्न असतात प्रवेशाचे, शिष्यवृत्तीच्या यादीचे, व्हिसाचे. त्यानंतर सगळे एकदम बॅगेवर येतात. "सर, कुकर नेऊ का?" "ताई, इंडक्शन तिथे चालेल का?" "मावशी म्हणते तिथे सगळं महाग आहे, इथूनच घेऊन जा."

प्रश्न साधा वाटतो, पण आपल्या मुलामुलींसाठी तो साधा नाही. कुणी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर निघालेले असते, कुणी केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपवर, कुणी बँकेचे कर्ज काढून. घरातून विमानात बसणारे बहुतेक जण पहिलेच. शिष्यवृत्ती असो वा कर्ज, तिथले पहिले काही आठवडे घरून आणलेल्या पैशांवरच काढावे लागतात. त्या दिवसांत चुकीच्या वस्तूवर गेलेले पाच-सात हजार रुपये म्हणजे तिथल्या एक-दोन आठवड्यांचा किराणा असतो.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडची एक मुलगी अमेरिकेला गेली. तिच्या आईने हप्त्याने ७५० वॅटचा नवा कोरा मिक्सर घेऊन दिला. तीन भांड्यांसकट तो पाच किलोच्या पुढे गेला, म्हणून बॅगेतली पुस्तके बाहेर निघाली. तिथे पोहोचून तिने अॅडॉप्टर लावून बटण फिरवले, तर मिक्सर घुं-घुं करत कसाबसा फिरला. खोबरे जसेच्या तसे, आणि दोन मिनिटांत करपल्याचा वास. रात्री आईचा फोन आला, "मिक्सर चालतो ना गं?" ती म्हणाली, "हो आई, मस्त चालतो." मिक्सर वर्षभर पलंगाखाली पडून होता. हे तिने आम्हाला परत आल्यावर सांगितले.

चूक तिची नव्हती, आईचीही नव्हती. अॅडॉप्टर म्हणजे काय, हेच त्यांना कुणी सांगितले नव्हते. अॅडॉप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, विजेचा दाब बदलत नाही. आपल्या घरात २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची वीज येते. ब्रिटन, आयर्लंड, जर्मनी, नेदरलँड्स, ऑस्ट्रेलिया इथेही तीच. अमेरिका आणि कॅनडात मात्र १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. जपानमध्ये तर १०० व्होल्ट, आणि गंमत म्हणजे टोकियोकडच्या पूर्व भागात ५० हर्ट्झ, ओसाकाकडच्या पश्चिम भागात ६०. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी एका शहराने जर्मन यंत्रे घेतली आणि दुसऱ्याने अमेरिकन, ते आजतागायत तसेच राहिले.

आता आपली २३० व्होल्टची किटली अमेरिकेत लावली तर काय होईल? व्होल्टेज जवळपास निम्मे, म्हणून उष्णताही निम्मी मिळेल, असे वाटते. तसे होत नाही. तापणाऱ्या वस्तूची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशेबाने घटते. १५०० वॅटची किटली तिथे सुमारे ४०० वॅटची होऊन बसते. चहाचे पाणी उकळेपर्यंत लेक्चर सुटेल. मिक्सरची मोटार हळू फिरते, तिच्यात जोर राहत नाही, भांड्यात डाळ अडकली की ती थांबते आणि तापते. इंडक्शनची शेगडी बहुधा सुरूच होत नाही. उलट्या दिशेने प्रकार जास्त धोक्याचा आहे. तिकडची १२० व्होल्टची वस्तू भारतात लावली तर तिला साडेतीन पटींहून जास्त ताकद सोसावी लागते आणि ती क्षणात जळते. अमेरिकेतून कुणी प्रेमाने आणलेले केस वाळवायचे यंत्र अनेक घरांत असेच गेले आहे.

यावर दुकानदार ट्रान्सफॉर्मर सुचवतात. ७५० वॅटच्या मिक्सरला हजार-दीड हजार वॅटचा ट्रान्सफॉर्मर लागतो, तो स्वतःच काही किलोंचा लोखंडाचा गोळा असतो आणि त्याची किंमत धरली की सगळा हिशेब बिघडतो. आमचे मत स्पष्ट आहे: अमेरिका, कॅनडा किंवा जपानला निघाला असाल तर मोटार असलेली किंवा तापणारी एकही वस्तू इथून नेऊ नका. अमेरिकेत ११० व्होल्टवर चालणारे आपल्या पद्धतीचे मिक्सर मिळतात, भारतीय कंपन्याच ते बनवतात. इथल्यापेक्षा महाग पडतात हे खरे. पण तिघाचौघांच्या खोलीत एक घेतला तर भार वाटला जातो.

मग कोणती वस्तू कुठेही चालते? ते वस्तूवरच लिहिलेले असते. चार्जर उलटा करा, बारीक अक्षरांत 'इनपुट' शब्दापुढे १०० ते २४० व्होल्ट आणि ५०/६० हर्ट्झ असे दिसले, तर तो जगात कुठेही चालेल, फक्त पिनांचा प्रश्न उरेल. लॅपटॉप, मोबाइल, कॅमेरा, ट्रिमर यांचे चार्जर बहुतेक असेच असतात. नुसते २३० किंवा २२०-२४० लिहिले असेल तर ती वस्तू अमेरिकेसाठी नाही. आमच्याकडे बॅग दाखवायला येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही आधी हे स्टिकर वाचायला लावतो. समाजशास्त्राच्या पदवीचा इथे काही उपयोग नाही, भिंग मात्र लागते.

ब्रिटन आणि युरोपला जाणाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे, आणि खरा गोंधळ तिथेच होतो. व्होल्टेज तेच, म्हणून मिक्सर चालतो, कुकर चालतो, इस्त्री चालते. पण ब्रिटनचा प्लग तीन चौकोनी पिनांचा असतो आणि त्याच्या पोटात फ्यूज असतो, त्याला कारण आहे. तिथल्या घरांत अनेक सॉकेट एकाच वर्तुळाकार वायरीवर जोडलेली असतात आणि त्या वायरीचा ब्रेकर साधारण ३२ अँपिअरचा असतो. एखाद्या दिव्याची बारीक वायर ३२ अँपिअरच्या कितीतरी आधी जळेल. म्हणून प्रत्येक वस्तूच्या प्लगमध्येच ३ किंवा १३ अँपिअरचा फ्यूज ठेवतात. आपण इथून पन्नास-शंभर रुपयांचा बिनफ्यूजचा अॅडॉप्टर नेतो, त्यावर इथलाच एक्स्टेंशन बोर्ड लावतो आणि बोर्डावर राइस कुकर, इस्त्री, हीटर. म्हणजे संरक्षणाची ती पायरीच आपण काढून टाकलेली असते. लॅपटॉप आणि मोबाइलपुरता चांगल्या कंपनीचा बोर्ड आणि फ्यूज असलेला अॅडॉप्टर ठीक आहे. तापणाऱ्या वस्तूला तो लावू नका.

शिवाय विद्यापीठाच्या वसतिगृहांचे नियम असतात. बऱ्याच ठिकाणी राहायच्या खोलीत राइस कुकर, टोस्टर, हीटर, शेगडी ठेवायला बंदी असते, स्वयंपाक फक्त सामाईक स्वयंपाकघरात. काही ठिकाणी विजेच्या वस्तूंची तपासणी होते आणि परदेशी प्लगच्या वस्तू बाजूला काढल्या जातात. खोलीचा करार ईमेलने येतो, तो कुणी वाचत नाही. वाचा. त्यात परवानगी नसलेल्या वस्तूंची यादी असते. आणि फोडणीच्या धुराने अलार्म वाजून अख्खी इमारत रस्त्यावर येते, हा अनुभव आपल्या बहुतेक मुलांनी एकदा तरी घेतलेला आहे. एक्झॉस्ट लावायचा आणि दार बंद ठेवायचे, एवढे लक्षात असू द्या.

तिथे खरेच सगळे महाग असते का? आमच्या मते ही समजूत जुनी आहे. रुपयांत बदलून पाहिले की सगळेच महाग दिसते, ब्रेडसुद्धा. पण साधी किटली, साधा टोस्टर, छोटा राइस कुकर या वस्तू ब्रिटन-जर्मनीत मोठ्या दुकानांच्या स्वस्त मालिकेत मिळतात आणि इथल्या किमतीच्या फार पुढे जात नाहीत. त्याहून स्वस्त म्हणजे वापरलेल्या वस्तू. ब्रिटनमध्ये धर्मादाय संस्थांची दुकाने गावोगाव असतात. ब्रिटिश हार्ट फाउंडेशनची तर फर्निचर आणि विजेच्या वस्तूंची वेगळी दुकाने आहेत. जर्मनीत क्लाइनआनत्साइगन या संकेतस्थळावर लोक जुन्या वस्तू विकतात, कधी फुकटही देतात. आपल्याकडे जुनी वस्तू घेण्याची लाज वाटते. तिथे प्राध्यापकही त्या दुकानात दिसतील.

तिथे घेतलेल्या नव्या वस्तूमागे कायदा उभा असतो, हा मुद्दा आपण विसरतो. ब्रिटनमध्ये सदोष निघालेली वस्तू ३० दिवसांत परत करून पूर्ण पैसे मागता येतात. ऑनलाइन घेतली असेल तर ती मिळाल्यापासून १४ दिवसांत विनाकारणही परत करता येते. युरोपीय संघाच्या देशांत नव्या वस्तूवर दोन वर्षांची कायदेशीर हमी असते. इथून नेलेल्या मिक्सरची इथली वॉरंटी तिथे बहुधा कामाची नसते. पावती मात्र जपून ठेवा.

लॅपटॉपचे उत्तर देशागणिक बदलते. जर्मनीत विकत घ्याल तर कीबोर्डवर वाय आणि झेडच्या जागा बदललेल्या असतात, ऐन प्रबंधाच्या वेळी त्याची सवय करत बसायला वेळ नसतो. इथूनच न्या, आणि आंतरराष्ट्रीय वॉरंटी त्याच मॉडेलला आहे का ते विचारून घ्या. अमेरिकेत किमतीच्या चिठ्ठीवर विक्रीकर धरलेला नसतो, तो काउंटरवर चढतो. ब्रिटनमध्ये २० टक्के व्हॅट किमतीतच असतो.

न्यायचेच असेल तर प्रेशर कुकर न्या. त्याला वीज लागत नाही, तो सगळीकडे चालतो, आणि तिकडे तो आपल्यासारखा सहज मिळत नाही. मात्र तळ सपाट आणि इंडक्शनवर चालणारा हवा. तळाला लोहचुंबक चिकटला तर चालेल, नुसता अॅल्युमिनियमचा असेल तर नाही. तीन लिटरचा पुरतो. सोबत दोन जादा गॅस्केट, एक शिट्टी आणि सेफ्टी वाल्व. कुकर बंद पडतो तो बहुधा गॅस्केटमुळेच. पोकळ कुकरात डाळ-मसाल्यांच्या पुड्या बसतात, पण खाण्याच्या वस्तूंबाबत प्रत्येक देशाचे नियम वेगळे आहेत, ते आधी पाहून घ्या. ब्रिटनला मिक्सर नेणारच असाल तर छोटा, एका भांड्याचा न्या. त्याची पाती केबिन बॅगेत ठेवू नका, सुरक्षा तपासणीत काढून घेतील. पॉवर बँकेचे उलटे आहे, ती केबिनमध्येच ठेवायची, चेक-इन बॅगेत चालत नाही. १०० वॅट-अवरपर्यंतच्या पॉवर बँकेला सहसा वेगळी परवानगी लागत नाही. २०,००० एमएएचची पॉवर बँक सुमारे ७४ वॅट-अवरची असते.

परतीच्या प्रवासाबद्दल थोडक्यात. आखातात कामाला गेलेले आपले भाऊ अजूनही विचारतात, येताना टीव्ही आणू का? एके काळी त्यात फायदा होता. २६ ऑगस्ट २०१३ पासून भारत सरकारने फ्लॅट पॅनेल टीव्हीची करमाफी काढून घेतली आणि त्यावर ३५ टक्के शुल्क, वर सेस लावला. सप्टेंबर २०२५ मध्ये इथे ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. विमानात काच फुटण्याची धास्ती आणि इथे न मिळणारी वॉरंटी धरली तर टीव्ही उचलून आणण्यात आम्हाला अर्थ दिसत नाही. अठरा वर्षांवरील प्रवाशाला एक लॅपटॉप करमुक्त आणता येतो. बाकी वस्तूंच्या करमुक्त मर्यादा बदलत असतात, तिकीट काढतानाच कस्टमच्या संकेतस्थळावर चालू नियम पाहावेत.

त्या मुलीच्या मिक्सरचे पुढे काय झाले, असे आम्हाला विचारतात. तो तिने परत आणला, आता आई वापरते. पण तिथे असताना तिने आणि तिच्या खोलीतल्या दोघींनी मिळून ११० व्होल्टचा एक मिक्सर आणि एक राइस कुकर घेतला होता. निघताना तिने ते दोन्ही विकले नाहीत, त्याच शहरात येणाऱ्या पुढच्या मुलाला देऊन आली, सोबत एक पांघरूण आणि टेबललॅम्प. या वर्षी तिथे जाणारी मुलगी त्या मुलाशी बोलून ठेवते आहे. तुमच्या शहरात कोण आहे आणि खोली कधी रिकामी करणार आहे, हे अभ्यासिकेत येऊन विचारा. आमच्या वहीत नावे आहेत. नसतील तर शोधून देऊ. मिक्सरच्या दुकानात त्यानंतर जा.