समतेचे शिक्षक आणि संस्थेच्या किल्ल्या

समता शिकविणे हाही एक व्यवसाय होऊ शकतो, ही कल्पना आपल्याकडील जुन्या पिढीस चमत्कारिक वाटेल. परंतु अमेरिकेत तो व्यवसाय चांगलाच रुजला होता. मे २०२० मध्ये मिनिआपोलिस शहरात जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय नागरिकाचा एका पोलिसाच्या गुडघ्याखाली गुदमरून अंत झाला आणि त्या देशाची सदसद्विवेकबुद्धी खडबडून जागी झाली. कंपन्या, विद्यापीठे, नगरपालिका यांनी वांशिक समतेच्या सल्लागारांना पाचारण केले. चार-सहा जणांचा चमू यायचा. नोकरभरतीचे नियम तपासायचा, वेतनातील तफावत दाखवायचा, अधिकाऱ्यांचे वर्ग घ्यायचा. पुढे वारे फिरले. जानेवारी २०२५ मध्ये तेथील संघराज्य सरकारनेच आपल्या खात्यांतील असे कार्यक्रम गुंडाळण्याचे आदेश काढले आणि कित्येक कंपन्यांनीही आपापले विभाग मुकाट्याने आवरते घेतले. ज्यांनी बोलावले त्यांनीच निरोप दिला. मग प्रश्न उरतो तो असा, की समतेचे काम करणारी माणसे निघून गेल्यावर मागे काय राहते?

पुणेकरांना हा प्रश्न दूरचा वाटू नये. हिंजवडी-खराडीच्या कचेऱ्यांत त्याच परदेशी कंपन्यांची कामे चालतात आणि विविधतेचे, समावेशनाचे वर्ग येथेही भरतात. शिवाय वंशभेदाच्या त्या चर्चेत आपली जातही आता सामील झाली आहे. एका दलित अभियंत्याला सहकाऱ्यांनी जातीवरून डावलल्याचा दावा कॅलिफोर्निया राज्याने २०२० मध्ये सिस्को कंपनीविरुद्ध दाखल केला. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिॲटल शहराने जातिभेदास कायद्याने बंदी केली. असे करणारे ते अमेरिकेतील पहिले शहर. तो ठराव मांडणाऱ्या नगरसेविका क्षमा सावंत यांचा जन्म पुण्याचा, हा योगायोगही लक्षात ठेवण्याजोगा आहे.

तथापि पुण्याचा या विषयाशी असलेला संबंध योगायोगाचा नाही. समता शिकविणाऱ्यांचे असे चमू या शहराने पावणेदोनशे वर्षे पाहिले आहेत. १८४८ मध्ये भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली, तेव्हा जोतीराव फुल्यांभोवती सावित्रीबाई, फातिमा शेख, सदाशिवराव गोवंडे अशी भिन्न जातिधर्मांची माणसे जमली होती. त्यांच्या शाळेतील मुक्ता या मांग समाजातील मुलीने आपल्या लोकांच्या दुःखावर लिहिलेला निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदया'त छापून आला. शिकविणाऱ्यांच्या आधाराने शिकणारी स्वतः बोलू लागली, ही त्या शाळेची खरी कमाई. पुढे १८६८ मध्ये जोतीरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. आधी स्वतःचा हौद, मग दुसऱ्यांना उपदेश, हा क्रम त्यांनी घालून दिला.

मात्र संघटित स्वरूपात हे काम उभे केले ते महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी. जमखंडीचा हा मराठा तरुण पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवीधर झाला, ऑक्सफर्डच्या मँचेस्टर महाविद्यालयात १९०१ ते १९०३ धर्माचा तौलनिक अभ्यास करून परतला आणि प्रार्थना समाजाचा प्रचारक बनला. १८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत त्याने डिप्रेस्ड क्लासेस मिशन, अर्थात भारतीय निराश्रित साह्यकारी मंडळी स्थापन केली. अध्यक्षपदी न्यायमूर्ती चंदावरकर होते. अशा संस्थांच्या इतिहासात अध्यक्षांची नावे ठळक छापली जातात. मिशन चालले ते मात्र घरच्या माणसांवर. अण्णासाहेबांचे वृद्ध वडील, पत्नी रुक्मिणीबाई, बहीण जनाबाई हे सारे कुटुंब त्यात उतरले. सय्यद अब्दुल कादर यांच्यासारखा मुसलमान कुळातला सहकारी त्यांना मिळाला. अस्पृश्यांच्या मुलांना जवळ घेणारी, त्यांच्या आजारपणात उशाशी बसणारी ही माणसे व्याख्याने देत नव्हती, आणि तरीही जातिभेदाविरुद्धचा सर्वांत परिणामकारक पाठ त्यांनीच दिला, असे म्हणावे लागेल.

१९१२ मध्ये शिंदे पुण्यास आले. त्याच वर्षी येथे भरलेल्या अस्पृश्यतानिवारक परिषदेचे अध्यक्षपद डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी भूषविले. पुढे नाना पेठेत भोकरवाडीला मिशनचा अहल्याश्रम उभा राहिला. १९१७ मध्ये कलकत्त्याच्या काँग्रेसने अस्पृश्यतेविरुद्ध ठराव केला, त्यामागेही शिंद्यांचे परिश्रम होते.

परंतु ठरावाने आचार बदलतोच असे नाही. मार्च १९१८ मध्ये मुंबईस भरलेल्या अस्पृश्यतानिवारक परिषदेस लोकमान्य टिळक आले आणि त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध निःसंदिग्ध भाषण केले. नंतर, आपण वैयक्तिक जीवनात अस्पृश्यता पाळणार नाही, अशा आशयाचा जाहीरनामा सह्यांसाठी पुढे आला, तेव्हा त्यावर त्यांची सही झाली नाही. टिळकांना खाली खेचण्यासाठी हे सांगत नाही. व्यासपीठ आणि घरचा उंबरठा यांच्यामधले अंतर त्यांच्यासारख्यालाही ओलांडता आले नाही, तर वर्षातून एकदा दोन तासांचा वर्ग ऐकून कचेरीतील माणसे बदलतील असे मानणे भाबडेपणाचे ठरेल, एवढेच येथे सुचवावयाचे आहे.

शिंद्यांच्या कार्याचा सर्वांत क्लेशकारक आणि आजच्या दृष्टीने सर्वांत बोधप्रद भाग त्यानंतरचा आहे. मिशनमध्ये शिकलेले, वाढलेले अस्पृश्य समाजातील तरुण विचारू लागले : संस्था आमच्यासाठी, तर कारभार आमच्या हाती का नाही? १९२३ मध्ये शिंदे यांनी मिशनची सूत्रे सोडली. सतरा वर्षे ज्याने घरदार झिजविले, त्याला ही मागणी कृतघ्नपणाची वाटली असती तर नवल नव्हते. पण न्याय त्या मागणीच्या बाजूने होता. किंबहुना, ती मागणी हेच मिशनच्या शिक्षणाचे फळ होते. ज्याला समानता शिकविली, तो एक दिवस किल्ल्या मागणारच. आणि मागत नसेल, तर शिकविणाऱ्याने दया शिकविली, समता नव्हे. पुढच्याच वर्षी डॉ. आंबेडकरांनी बहिष्कृत हितकारिणी सभा काढली. काळ कोणत्या दिशेने चालला होता हे त्यावरून स्पष्ट होते.

पुण्यात तर त्या दिशेची चाहूल आधीच लागली होती. शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ मध्येच 'सोमवंशीय मित्र' हे पत्र काढून आपल्या समाजाचा आवाज उठविला होता. १३ ऑक्टोबर १९२९ रोजी पर्वती मंदिर सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा कांबळे आणि पां. ना. राजभोज पुढे होते, एस. एम. जोशींसारखे सवर्ण तरुण त्यांच्या बरोबर होते. सत्याग्रहींवर दगड आले ते सर्वांवर सारखेच आले. मिशनच्या काळात सवर्ण सुधारक पुढे आणि अस्पृश्य मागे होते. पर्वतीच्या पायऱ्यांवर हा क्रम उलटला. सहकाऱ्याची जागा कोणती, याचे उत्तर त्या तरुणांनी तेथे देऊन ठेवले आहे.

स्वातंत्र्यानंतर हेच सूत्र डॉ. बाबा आढाव यांनी पुढे नेले. नाना पेठेतील या डॉक्टरांनी आधी हमालांची पंचायत बांधली आणि १९७२ च्या दुष्काळात 'एक गाव एक पाणवठा' ही चळवळ हाती घेतली. तिचे मर्म तिच्या प्रश्नाच्या साधेपणात होते. गावात जातिभेद आहे काय, असे विचारले तर प्रत्येक गाव नाही म्हणते. दलितांची बाई पाणी कोणत्या विहिरीवर भरते, असे विचारले की गाव गप्प होते. फुल्यांचा हौद आणि आढावांचा पाणवठा यांत शंभराहून अधिक वर्षांचे अंतर आहे. पण दोघांची परीक्षा एकच, आणि ती डोळ्यांनी पाहता येते.

आजच्या समतेच्या सल्लागारांना, आणि त्यांना बोलावणाऱ्या संस्थांनाही, हा वारसा उपयोगी पडावा. प्रत्येक कचेरीचा, महाविद्यालयाचा, गृहनिर्माण संस्थेचा एक पाणवठा असतो. मुलाखत घेणाऱ्यांच्या मंडळात कोण बसतो? आडनाव विचारल्यावर भाड्याची जागा 'नुकतीच गेली' असे कुणाला सांगितले जाते? सफाईचे कंत्राट कोणत्या वस्तीत जाते आणि बढती कोणत्या? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२ च्या नियमांनी शिक्षणसंस्थांना समान संधी कक्ष आणि भेदभावाच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी नेमण्यास सांगितले होते. फलक लावणे सोपे आहे. त्या कक्षाच्या दारात तक्रार घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला आत आपले माणूस दिसते काय, हा खरा प्रश्न आहे. याउलट, २००५ मध्ये मिलिंद कांबळे यांनी पुण्यातूनच दलित उद्योजकांचे चेंबर उभारले, तेव्हा किल्ल्या मागण्याऐवजी नवे कुलूपच घडविण्याची वाट निघाली. ती पुरेशी आहे की नाही याबद्दल मतभेद असू शकतील. पण ती कुणाच्या आमंत्रणावर अवलंबून नाही, हे तिचे बळ नाकारता येणार नाही.

अमेरिकेतील त्या व्यवसायाची शोकांतिका अशी, की त्याच्या किल्ल्या शेवटपर्यंत बोलावणाऱ्यांच्याच खिशात राहिल्या. आपल्याकडे पगारी सल्लागार येवोत वा न येवोत; त्यांच्या तळमळीविषयी संशय घेण्याचे कारण नाही. परंतु काम कसे झाले हे त्यांच्या अहवालावरून ठरणार नाही. ते निघून गेल्यावर संस्थेतील सर्वांत खालच्या पायरीवरचा माणूस कोणत्या खुर्चीवर बसला आहे, यावरून ते ठरेल. भोकरवाडीतल्या त्या तरुणांनी १९२३ मध्ये विचारलेला प्रश्न शंभर वर्षांनंतरही आपल्या दारात उभा आहे. त्याला पाणी विचारून परत पाठविण्यापेक्षा आत बोलावून बसविणे हेच बरे.